पालकांची सही

जून उजाडला की ठाण्याच्या खोपटला पालकांच्या सह्यांचा हंगाम सुरू होतो. शाळेची डायरी, बसचा फॉर्म, सहलीची संमती, 'मी वरील सर्व नियम वाचले असून ते मला मान्य आहेत' असा छापील कागद, मग घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका. सही कुठे करायची तिथे बाईंनी पेन्सिलीने फुली मारून दिलेली असते. नियम वाचायला मात्र कोणाला सवड नसते. आई एका हाताने डबा भरते आणि दुसऱ्या हाताने सही ठोकते, कारण व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवत असतात.

या सहीचाच माग काढत गेलं तर आपण पालकांना शिक्षणात नेमकी कुठे जागा दिली आहे, ते बरंचसं कळतं. खोपट त्यासाठी सोयीचं ठिकाण आहे, कारण वस्ती मिश्र. एसटीचं आगार, आसपासच्या जुन्या चाळी, सिद्धेश्वर तलावाजवळची दाटी, हंसनगरच्या सोसायट्या आणि पुनर्विकासातून वर चढत गेलेले टॉवर. महापालिकेच्या शाळेत जाणारं मूल, अनुदानित मराठी शाळेत जाणारं मूल आणि एसी बसने घोडबंदर रोडच्या शाळेत जाणारं मूल सकाळी एकाच सिग्नलला उभं असतं. त्यांच्या आईवडिलांना कायदा मात्र एका नजरेने पाहत नाही.

शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याचं एकविसावं कलम म्हणतं की विनाअनुदानित खासगी शाळा सोडून बाकीच्या शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. या समितीने शाळेच्या कामावर लक्ष ठेवायचं, शाळेचा विकास आराखडा करायचा, सरकारी पैसा कुठे खर्च झाला ते पाहायचं. म्हणजे कागदावर तरी, पालिकेच्या शाळेत मूल घालणारी घरकामवाली बाई त्या शाळेच्या कारभारात वाटेकरी आहे.

टॉवरमधला पालक तसा नाही. त्याच्यासाठी राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यात पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीने निवडला जातो आणि संस्थेने मांडलेल्या फीच्या प्रस्तावाला मंजुरी देण्याचा निर्णय ही समिती घेते. नंतरच्या दुरुस्तीने फीविरुद्ध दाद मागायची तर किमान २५ टक्के पालक एकत्र यावे लागतात. ज्यांनी कधी सोसायटीच्या वार्षिक सभेचा कोरम जमवला आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. मुद्दा असा की लाखभर फी भरणाऱ्या सुशिक्षित पालकाला कायद्याने दिलेला ठोस अधिकार फक्त फीपुरता आहे. शाळेत काय शिकवलं जातं, कसं शिकवलं जातं, तिसरीतल्या मुलाला वाचता येतं का, यात त्याला औपचारिक आवाज नाही. उलट ज्याच्याकडे फी भरायला पैसे नाहीत, त्याला कायद्याने कारभारी केलं आहे. आणि दोघंही प्रत्यक्षात करतात काय? फुली दिसेल तिथे सही.

शिक्षणहक्क कायद्यातली आणखी एक गंमत. तेराव्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलाचीच काय, पालकांचीही चाळणी लावायला बंदी आहे. पहिल्या वेळी २५ हजार रुपये दंड, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार. तरी नर्सरीच्या प्रवेशाआधी नवराबायकोने एकमेकांची इंग्रजीत उलटतपासणी घेण्याची प्रथा ठाण्यात काही बंद पडलेली नाही. 'मुलाखत' हा शब्द गेला आणि त्या जागी 'इंटरॅक्शन' आला, एवढंच.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पालकाबद्दल बोलताना लोकलचं वेळापत्रक बाजूला ठेवून चालत नाही. डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट गाडीनेही तासाभराहून जास्त वेळ लागतो. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून ऑफिस वेगळं. आठच्या सुमाराची गाडी पकडणारी आई संध्याकाळी परतते तेव्हा मूल पाळणाघरात जेवून, क्लासला जाऊन, पेंगुळलेलं असतं. डोंबिवलीतल्या पाळणाघरवाल्या काकूंनी गेल्या दोन पिढ्यांचं बालशिक्षण अक्षरशः पेललं आहे आणि त्याची नोंद कुठल्याही शैक्षणिक अहवालात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. मुलांची झोप पुरी व्हावी हा हेतू चांगलाच. पण ज्या घरात आईवडील आठला बाहेर पडतात तिथे नऊच्या शाळेसाठी मुलाला कोण सोडणार, हा प्रश्न त्या निर्णयाने पालकांच्याच अंगावर टाकला. शाळांची अडचण वेगळी: एकाच इमारतीत दोन सत्रं, बस तीच, रस्त्यावरची कोंडीही तीच.

मग संध्याकाळी घरी परतल्यावर उरलेल्या दीड तासात पालकाने काय करायचं? आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे: अभ्यास घ्यायचा. 'अभ्यास घेणे' हे मराठी मध्यमवर्गातलं बहुधा सर्वात ताणाचं घरकाम असावं. त्यात माध्यमाची गाठ बसते. आई स्वतः मराठीतून दहावी-बारावी झालेली, मूल इंग्रजी माध्यमात. पहिली-दुसरीपर्यंत तिचं निभावतं. चौथीत पर्यावरणाचे धडे आले की तिची भाषा शाळेच्या दारातच अडते. जे तिला उत्तम माहीत आहे, गावची विहीर, पावसाचं नक्षत्र, आजोळची शेती, ते सांगायला तिच्याजवळ शाळेची भाषा नाही आणि शाळेला तिच्या भाषेत ते नको आहे. मग क्लास. क्लासच्या बाई शिकवतात, शाळेच्या बाई तपासतात आणि आई सही करते. इंग्रजी माध्यम निवडताना आपण फीचा हिशेब करतो. मुलाच्या शिक्षणातून आपण स्वतः किती वजा होणार, याचा हिशेब कोणी करत नाही. अनुदानित मराठी शाळांतला सेमी-इंग्रजीचा पर्याय, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत, याबाबतीत मला पुष्कळ शहाणपणाचा वाटतो. पण त्या शाळांची जाहिरात रिक्षांच्या मागे लागत नाही.

अभ्यास घेण्याचा उपयोग किती होतो? अमेरिकेत कीथ रॉबिन्सन आणि एंजल हॅरिस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी तिथल्या जवळपास तीन दशकांच्या पाहण्या तपासून २०१४ मध्ये एक पुस्तक काढलं. पालकसहभागाचे साठाहून अधिक प्रकार त्यांनी तपासले: गृहपाठात मदत, शाळेच्या सभांना हजेरी, मार्कांवरून शिक्षा, स्वयंसेवा. बहुतेकांचा मुलांच्या गुणांवर ठळक परिणाम दिसला नाही, आणि गृहपाठात नियमित मदत करण्याचा तर कधीकधी उलटाच. (जे मूल मागे पडतं त्याचाच अभ्यास जास्त घेतला जातो, हा आक्षेप त्यावर घेता येतो आणि घेतलाही गेला आहे.) ज्या थोड्या गोष्टी उपयोगी ठरल्या त्यांत लहान मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं होतं, पुढच्या शिक्षणाबद्दल घरात बोलणं होतं. पुस्तक अमेरिकेचं आहे, ठाण्याचं नाही. तरीही रात्री नऊ वाजता चार्टपेपरवर थर्माकोलचा ज्वालामुखी चिकटवणाऱ्या आईला हे कोणीतरी सांगायला हवं. प्रोजेक्ट मुलाचा, मेहनत आईची, नफा स्टेशनरीच्या दुकानाचा.

ठाण्यात या ताणाकडे कोणी पाहिलंच नाही असं नाही. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने 'वेध' परिषदेतून करिअरच्या प्रश्नाला मार्कांपलीकडे नेलं. त्याआधी, १९८७ पासून, पुण्याहून 'पालकनीती' हे मासिक निघू लागलं. पालक असणं हा विचार करण्याचा, वाचण्याचा विषय आहे, हे संजीवनी कुलकर्णी आणि त्यांच्या सोबत्यांनी तेव्हा धरलेलं सूत्र आजही टिकून आहे. पण या दोन्हींचा वाचक-श्रोता मुख्यतः ज्याच्या घरात पुस्तकं आहेत असा. ज्याच्या घराला भिंतीच नाहीत त्याचं काय, हे पाहायला खोपटहून फार लांब जावं लागत नाही.

तीन हात नाका. पूर्व द्रुतगती मार्गाचा उड्डाणपूल वरून जातो, खाली सिग्नल. मराठवाड्यातल्या दुष्काळी पट्ट्यातून, बीड-लातूर-धाराशिवकडून, आलेली कुटुंबं वर्षानुवर्षं या पुलाखाली राहत आली. त्यांत पारधी समाजाची पुष्कळ. गजरे, खेळणी, लिंबू-मिरची विकणं हा त्यांचा धंदा, आणि त्या धंद्यात मुलं बिनीचे विक्रेते. लाल दिव्याच्या मिनिटभरात लहान हातातला गजरा मोठ्या हातातल्यापेक्षा लवकर खपतो. जून २०१६ मध्ये समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने याच पुलाखाली मालवाहू कंटेनरमध्ये शाळा उभी केली. संस्थेचे भटू सावंत आणि त्यांचे सहकारी यामागे होते. नाव सिग्नल शाळा. मुलांना शाळेकडे न्यायचं सोडून शाळाच मुलांच्या राहण्याच्या जागी आणली.

या शाळेचं कौतुक वर्तमानपत्रांत भरपूर झालं. २०१९ मध्ये तिथली पहिली दोन मुलं दहावी पास झाली तेव्हा तर ठळक मथळे आले. मला त्यातली पालकांची बाजू जास्त विचार करायला लावते. आपल्या दृष्टीने 'बेजबाबदार' ठरलेले हे आईबाप. पण मुलाला शाळेत पाठवणं म्हणजे त्यांच्यासाठी त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणं. ज्या पारधी समाजावर १८७१ च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला आणि ज्याचा तो शिक्का स्वातंत्र्यानंतरही १९५२ पर्यंत कागदोपत्री पुसला गेला नाही, त्याला गणवेशातल्या, रजिस्टर घेऊन नाव-गाव विचारणाऱ्या माणसाची भीती वाटणं साहजिक आहे. जन्मदाखला नाही, पत्ता नाही. सही करायची तर कुठल्या कागदावर? अशा ठिकाणी 'पालकसभा' बोलावून भागत नाही. मुलाची आंघोळ, कपडे, खाणं, आजारपण, सगळं शाळेने अंगावर घेतलं तेव्हा मुलं टिकली. म्हणजे पालकांच्या वाट्याचं काम शिक्षकांनी केलं, आणि मग हळूहळू पालकांनी त्यांच्याकडे शक्य होता तेवढा वाटा उचलला: मूल दिवसभर धंद्याला न लावण्याचा. फी भरणाऱ्या पालकाच्या त्यागापेक्षा हा त्याग मला मोठा वाटतो, कारण इथे तो रोजच्या जेवणातून वजा होतो.

एक शंका मात्र मनातून जात नाही. पुलाखाली शाळा काढावी लागते याचा अर्थ पुलाखाली घर असणं आपण मान्य करून टाकलं आहे. शाळा चालवणाऱ्यांना हे दिसत नाही असं नाही. पण घर देणं त्यांच्या हातात नव्हतं, शाळा होती.

शाळाच मुलांकडे नेणं ठाणे जिल्ह्याला नवीन नाही. आज पालघर जिल्ह्यात गेलेलं डहाणूजवळचं कोसबाड २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरीच्या पद्धतीवर काम करून आलेल्या. तिथली मुलं सुखवस्तू घरांतली. वारली पाड्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मूल शाळेत येत नाही त्याला घरची कारणं आहेत आणि ती कारणं खरी आहेत. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसते, म्हणून शाळेलाच पाळणाघर जोडलं. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र, अशी ती विकासवाडी. मुलगा गुरं राखतो, म्हणून शिक्षक गुरांमागे कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत, म्हणून बालवाडीच घराच्या अंगणात नेली. त्या अंगणवाडीचं नाव १९७५ मध्ये केंद्राच्या एकात्मिक बालविकास योजनेने उचललं आणि आज देशभरातल्या खेड्यापाड्यांत ते आहे.

कोसबाडच्या कामात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक गोष्ट: त्यांनी आईबापांना सुधारायला घेतलं नाही. तुम्ही मुलाला गुरांमागे का पाठवता, असं व्याख्यान न देता गुरं चरतात तिथे फळा नेला. अंगणात शाळा भरली की आई भाकरी थापता थापता काय चाललंय ते बघते. सभेचा अजेंडा नाही, सही नाही. आजच्या 'पालकसहभागा'च्या परिपत्रकांत हे अंगण कुठे सापडतं? थोडंफार सापडतं. २०२२ पासून राज्यात शाळापूर्व तयारीसाठी 'पहिले पाऊल' अभियानात माता गट केले गेले. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांनी वस्तीतच एकत्र बसून घरातल्याच सामानाने मुलांशी खेळ खेळायचे, अशी ती कल्पना. कडधान्याचे दाणे मोजायला लावणं, कपड्यांच्या घड्या लावून घेणं, भाज्यांचे गट करणं. कागदावर चांगलीच आहे. जिथे शिक्षिका स्वतः मनापासून उतरली तिथे ती चालली असणार. जिथे फक्त फोटो काढून ग्रुपवर टाकायचे होते तिथे फोटो निघाले.

आता उलट दिशेची एक गोष्ट, तीही ठाणे जिल्ह्यातलीच. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. सिग्नल शाळेच्या तीनच महिने आधी. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती काढली, कारण गावातल्या म्हाताऱ्यांची इच्छा पोथी वाचता यावी ही होती. साठ ते नव्वदीच्या बायका, गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, दुपारचे दोन तास. शिकवणारी गावातलीच एक सून आणि तिच्या वर्गात तिची सासूही. जगभरचे कॅमेरे गुलाबी लुगड्यांसाठी आले. पण त्या लुगड्यांपेक्षा घरातला बदल मोठा आहे. संध्याकाळी नातू आजीचा अभ्यास घेतो. बँकेत अंगठ्याच्या जागी सही होते. ज्या घरात आजी पाटीवर 'अ' गिरवते, त्या घरात अभ्यास ही मुलांना द्यायची शिक्षा राहत नाही.

आजी शिकून नातवाचे मार्क वाढले का, असं कोणी विचारेल. फांगणेचं मला सांगता येणार नाही. पण याच्या जवळचा प्रयोग बिहारच्या पूर्णिया आणि राजस्थानच्या अजमेर भागात 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने झाला होता आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये छापले गेले. काही आयांना साक्षरतेचे वर्ग, काहींना मुलांबरोबर घरी करायच्या गोष्टींचं साहित्य, काहींना दोन्ही. आयांचं शिकणं वाढलं, घरात मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष वाढलं, मुलांच्या गणितात माफक फरक पडला. चमत्कार झाला नाही. मला तो माफक फरकच विश्वासार्ह वाटतो. क्लासच्या फलकांवर कधी माफक फरक छापलेला पाहिला आहे?

मग ती समिती, जिच्यात तीन चतुर्थांश पालक असायला हवेत, तिचं काय? उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 'प्रथम'बरोबर अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच ग्रामशिक्षण समित्यांवर प्रयोग केला होता. निष्कर्ष २०१० मध्ये आले. गावकऱ्यांना सभा घेऊन सांगितलं की तुमच्या गावात समिती आहे, तिला अमुक अधिकार आहेत. समितीचं अस्तित्वच अनेक पालकांना ठाऊक नव्हतं. माहिती दिल्यावरही फारसं काही बदललं नाही. ना शाळा सुधारली, ना मुलांचं वाचन. ज्या गावांत मात्र स्थानिक तरुणांनी शाळेबाहेर वाचनाचे वर्ग घेतले, तिथे जी मुलं गेली त्यांना वाचता यायला लागलं. समित्या म्हणजे बिनकामाच्या, असा निष्कर्ष यावरून काढायची घाई मी करणार नाही. ज्या पालकाला आपल्या मुलाला वाचता येत नाही हेच माहीत नाही, तो समितीत बसून काय विचारणार? हजेरीपटावर सही करून उठणार.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि पालकांसह हजारो लोक रुळांवर उतरले. लोकल तासन्‌तास बंद राहिल्या. त्यानंतर शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या, सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी यांची परिपत्रकं निघाली. सखी सावित्री समितीचा आदेश २०२२ चाच होता. समिती आहे का, असं कुठल्या पालकाने आधी विचारलं होतं? आणि विचारलं असतं तर त्याला 'प्रॉब्लेम पेरेंट' म्हटलं गेलं नसतं का? ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या कुठल्याही शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाहा. डब्यात काय द्यावं यावर शंभर संदेश. जरा अवघड प्रश्न टाकला की आधी शांतता, मग एक हात जोडलेली इमोजी, मग 'ॲडमिन'ने ग्रुप बंद केलेला. मुलाच्या वाट्याला त्याचा राग येईल ही भीती पालकाला गप्प बसवते, आणि ती भीती टॉवरमध्ये जास्त, चाळीत कमी असं मला तरी दिसलेलं नाही.

म्हणून सुरुवात समितीपासून न करता घरातून करावी असं माझं मत आहे, आणि घरातून म्हणजे गृहपाठापासून नव्हे. 'असर' या शैक्षणिक पाहणीत स्वयंसेवक घरोघर जाऊन मुलाला चार गोष्टी वाचायला देतात: सुटी अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. हे काम खोपटच्या कुठल्याही खोलीत दहा मिनिटांत होतं. चौथीतल्या मुलाला दुसरीचं बालभारती द्यावं, कुठलंही पान उघडावं आणि मोठ्याने वाच म्हणावं. ऐकणाऱ्या आईला स्वतः वाचता यायलाच हवं असं नाही. मूल अडतंय की सरळ जातंय, हे कानालाही कळतं. अडत असेल तर मुलावर ओरडू नये. दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गातल्या आणखी चार मुलांच्या घरी हेच करून पाहावं, आणि पुढच्या सभेला पाचही आयांनी मिळून बाईंना एवढंच विचारावं की वर्गातल्या किती मुलांना हे पान वाचता येतं. उत्तर आकड्यात मागावं, आणि सभेच्या वहीत तो आकडा लिहिला गेल्यावरच खाली सही करावी.